लाकडी जमिनीवर दारातला रग: नक्षी नंतर, आधी उलटा करून बघा

दारातून आत आल्यावर पहिली चार पावलं जिथे पडतात, तिथली लाकडी जमीन सगळ्यात आधी खराब होते. त्या जागेसाठी रग, पायपुसणं किंवा सतरंजी निवडताना काय पाहायचं, हे माहीतगारांनी इथे लिहावं अशी विनंती. नेमकं लिहा. 'चांगल्या प्रतीचा घ्या' एवढ्याने कोणाचंच भागत नाही.

सुरुवात मापांपासून करते. दाराच्या पल्ल्याची खालची कड आणि जमीन यांमधली फट आधी मोजायची, आणि ती एकाच जागी मोजून चालत नाही. पल्ला ज्या अर्धवर्तुळात फिरतो त्या सगळ्या पट्ट्यात मोजा. जमीन कुठेतरी फुगीर असते, आणि बिजागरीपासून लांबचं टोक पुष्कळदा किंचित झुकलेलं असतं. पुठ्ठ्याचे सारखे तुकडे एकावर एक रचून पल्ल्याखाली सरकवत जा. पल्ला घासायला लागला की वरचा एक तुकडा काढा आणि उरलेली चळत पट्टीने मोजा. ती १२ मिमी भरली, तर रग आणि खालचं पॅड मिळून ९ मिमीच्या आत हवेत. ते ३ मिमी वाया जात नाहीत, कारण रगाची कड धुतल्यावर थोडी उचलली जाते. लव, म्हणजे रगाचे वरचे उभे धागे, हाताने दाबून जाडी मोजू नका, दार काही लव दाबून पुढे जात नाही.

लांबीचा हिशोब पावलांवर करायचा. सरासरी पाऊल ६० ते ७५ सेमीचं असतं, म्हणजे दोन्ही पाय एकेकदा रगावर पडायला साधारण दीड मीटर लागतो. ६० × ९० सेमीच्या पायपुसण्यावर एकच पाय नीट टेकतो, दुसरा थेट लाकडावर. जागा असेल तर अडीच मीटरची लांब पट्टी घ्या, आणि दोन्ही बाजूंना १० सेमी तरी लाकूड मोकळं राहू द्या. भिंतीला टेकलेल्या कडेखालचा कचरा निघत नाही.

* * *

मापांना अनुमोदन. मी लाकडी जमिनींच्या पॉलिशचं काम करतो, त्यामुळे माझा सगळा भर रगाच्या तळावर.

रग आधी उलटा करून बघा. पायपुसण्यांचा तळ बहुधा तीन प्रकारचा असतो: पीव्हीसी, लेटेक्सचा लेप, नाहीतर घट्ट रबर. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं. ते हळूहळू बाहेर झिरपून जमिनीवरच्या पॉलिशच्या लेपात शिरतं. लेप मऊ आणि चिकट होतो, पुढे पिवळा पडतो. रबराची तऱ्हा वेगळी. ते लवकर विरू नये म्हणून घातलेल्या रसायनांचाच तपकिरी डाग पडतो. लेटेक्सचा पातळ लेप काही वर्षांत सुकून त्याचा भुगा होतो, आणि तो भुगा उष्णतेने व वजनाने जमिनीला चिकटून बसतो. यातला पिवळा किंवा तपकिरी डाग पुसून जात नाही, कारण तो लेपाच्या आत असतो. तो भाग घासून नव्याने पॉलिश करणं हाच उपाय.

म्हणून लाकडावर बिनलेपाचा विणलेला रग आणि त्याखाली वेगळं पॅड, ही जोडी सगळ्यात बिनधोक. पॅड नमद्याचं (न विणता दाबून केलेल्या जाड कापडाचं), आणि नमद्याच्या खालच्या अंगाला नैसर्गिक रबराचा पातळ थर. नुसता नमदा सरकतो. पॅड रगापेक्षा चारही बाजूंनी अडीच सेमी आत कापायचं, नाहीतर कड उंच राहून पाय अडकतो. ३ मिमी जाडी दारात पुरते. 'लाकडासाठी सुरक्षित' असा शिक्का असला तरी पॅडचा तळहाताएवढा तुकडा कपाटाखालच्या कोपऱ्यात वजन ठेवून तीन आठवडे राहू द्या, मगच पूर्ण पॅड अंथरा. नैसर्गिक रबरसुद्धा प्रत्येक लेपाशी सारखं वागत नाही.

दुहेरी चिकटपट्टी लाकडावर अजिबात नको. काढताना एकतर गोंद राहतो, नाहीतर लेपाचा पापुद्रा निघतो.

जमीन नुकतीच पॉलिश केली असेल तर थांबा. पाण्यावर आधारित लेपाला निदान दोन आठवडे, तेलावर आधारित पॉलियुरेथेनला महिनाभर रग नको. वरून सुकलेला दिसतो, पण आतून घट्ट व्हायला त्याला हवा लागते.

* * *

कापडाबद्दल लिहिते, कारण गालिचे धुण्याच्या कामात कुठला धागा दारात टिकतो हे रोज हाताखालून जातं.

पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही, लवकर वाळतं, पण त्याची लव वजनाने आडवी पडते आणि परत उभी राहत नाही. तेलकट मळही ते धरून ठेवतं. नायलॉनची लव दाबून पुन्हा उठते, म्हणून वर्दळीच्या दारात ते उजवं. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. हा तिचा गुण, आणि दारात हाच धोका. वरून कोरडी वाटणारी लोकर खाली लाकडाला दमट ठेवते. लोकरीचा रग असेल तर ओल्या दिवसांत तो रोज उचलून उभा करा.

सुती सतरंजी धुवायला सगळ्यात सोपी. पहिल्या धुण्यात आटते, म्हणून पॅड त्यानंतर कापा. तागाला पाणी लागलं की तपकिरी डाग उमटतो आणि तो जात नाही. व्हिस्कोज तर दारात आणूच नका. दिसतं रेशमासारखं, पण ओलं झालं की लव कडक होऊन पिवळी पडते. काथ्याचं पायपुसणं उत्तम, पण दाराबाहेर. चिखल खरवडायला ते बाहेर आणि पाणी टिपायला मऊ रग आत, अशी वाटणी ठेवा.

रंग सुटतो का, हे घेतानाच बघता येतं. पांढरा सुती रुमाल ओला करून रगाच्या गडद भागावर मिनिटभर दाबून धरा आणि मग दहा-बारा वेळा घासा. रुमालावर रंग आला तर तोच रंग ओल्या दिवशी फळ्यांच्या सांध्यांत उतरेल.

* * *

वर विणीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून भर घालतो. रगाने वाळू अडवली असं आपल्याला वाटतं. सैल विणीच्या सतरंजीतून ती गाळणीसारखी खाली जाते. वाळूतलं क्वार्ट्झ (गारेचं खनिज) कठीणतेच्या १ ते १० च्या मोस मापावर ७ अंकाचं. लाकूड आणि साधं पॉलिश त्याच्यापेक्षा कितीतरी मऊ. वरून पाऊल पडताना रग किंचित सरकतो, आणि खालची वाळू सँडपेपरचं काम करते. रगाच्या मापाचा धुरकट चौकोन जमिनीवर दिसायला लागला, तर तो अशा बारीक ओरखड्यांचाच.

विणीची परीक्षा अशी करा: रग उजेडासमोर धरा. भोकांतून उजेडाचे ठिपके दिसले तर वीण सैल. असा रग वापरायचाच असेल तर खाली जाळीचं पॅड नको, सलग नमदा हवा, म्हणजे वाळू नमद्यात अडकते.

साफसफाईत क्रम महत्त्वाचा. आधी रग जागच्या जागी उलटा करून पाठीवर थोपटायचा, म्हणजे मुळाशी बसलेली वाळू सुटते. मग तो उचलून बाहेर झटकायचा, पॅड झटकायचं, आणि शेवटी जमीन मऊ ब्रशने झाडून घ्यायची. आठवड्यातून एकदा पुरतं. ओलं फडकं आधी फिरवलं तर तीच वाळू फरफटत जाते.

* * *

ओलीचं थोडं. छत्री आणि ओले बूट रगावर ठेवू नका, कड असलेला ट्रे वेगळा ठेवा. पाणी रगातून फळ्यांच्या सांध्यांत गेलं की फळी खालून फुगते आणि तिच्या कडा वर उचलल्या जातात. बोट आडवं फिरवलं की लाटा हाताला कळतात. अशा वेळी लगेच घासून सपाट करू नका. लाकूड पूर्ण वाळल्यावर कडा पुष्कळदा खाली बसतात, आणि आधी घासलेलं असेल तर मग मध्ये उंचवटा येतो. पांढुरका ढग दिसला तर ओल फक्त लेपात आहे, लाकूड काळं पडलं तर ती आत पोचली आहे. ओकच्या जमिनीवर लोखंडी स्टँड किंवा ट्रे नकोच. ओकमधलं टॅनिन आणि ओलं लोखंड मिळून निळसर काळा डाग पडतो.

* * *

घरात वयस्कर माणसं असतील तर झालरीचा रग दारात घेऊ नका, गोंडे पायात येतात. कड सपाट शिवलेली हवी, आणि रग जमिनीपेक्षा रंगाने वेगळा उठून दिसायला हवा. नव्या रगाचे कोपरे वळलेले असतील तर तो उलट्या बाजूने गुंडाळून रात्रभर ठेवा, मग अंथरून कोपऱ्यांवर दिवसभर वजन. सरकण्याची चाचणी मोजे घालून, एका पायाने कड ढकलून करा.

* * *

प्रश्न आला आहे की जुन्या रगाचं रबर आधीच चिकटलं असेल तर काय. सुरी नको. प्लास्टिकची पट्टी जवळजवळ आडवी धरून, फळीच्या रेषांच्या दिशेने खरवडा. उरलेल्या चिकटपणाला, जमिनीवर पॉलियुरेथेनचा लेप असेल तर, मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचं द्रावण) फडक्यावर घेऊन लावा, थेट जमिनीवर ओतू नका. खिडक्या उघड्या आणि विस्तव लांब. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा. मेण लावलेल्या जमिनीवर हे चालत नाही, त्याने मेणच निघतं.

आणि रग उचलल्यावर खालचं लाकूड वेगळ्या रंगाचं दिसलं तर लगेच घाबरू नका. चेरीचं लाकूड उजेडाने गडद होत जातं, अक्रोडाचं फिकट, आणि रगाखाली उजेड पोचत नाही. रग काढून ठेवला की फरक काही महिन्यांत बराच कमी होतो. डाग आहे की उजेडाचा फरक, हे कडेवरून ओळखा: उजेडाची रेघ रगाच्या कडेला सरळ असते, रबराचा डाग तळाच्या जाळीचा किंवा ठिपक्यांचा आकार घेऊन येतो.