पिकअपच्या हौद्यात सहा सायकली उभ्या राहतील असा घरगुती स्टँड, कसा बनवू?

कांदा_अन्_सायकल:
मंडळी, आषाढीच्या आधी आम्ही सहा जण नाशिकहून सायकलने पंढरपूरला जातो, नगर, टेंभुर्णी असे मुक्काम करत. जाताना सायकल, येताना माझी पिकअप. मागच्या वर्षी येताना गोधड्या टाकून सायकली एकावर एक रचल्या, घरी येईस्तोवर एकाचा डिरेलर हँगर (मागचा गिअर लटकतो ती पट्टी) वाकला, एकाच्या फ्रेमचा रंग खरवडला, अन् गाडी माझी म्हणून बोलणी मला. यंदा स्टँड बनवायचाच. हौदा 8 फूट लांब, साडेपाच फूट रुंद. सायकली म्हणजे तीन हायब्रिड (बारीक टायरच्या), दोन एमटीबी (जाड टायरच्या माउंटन बाइक) अन् काकांची जुनी काळी सायकल. व्हिडिओत अमेरिकेतले लोक पुढचं चाक काढून फोर्क (चाक धरणारा चिमटा) क्लॅम्पमधे अडकवतात, तसं करू का? आणि सोमवारी गाडीत कांदा भरायचा असतो, म्हणजे स्टँड निघायला पाहिजे. आमचा वेल्डिंगवाला म्हणतो हौद्यालाच मारून टाकू टाके.

घाटात_दम_लागतो:
दादा, हौद्याला टाका अजिबात मारू देऊ नका, रंग जळतो आणि पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो, शिवाय गाडीवर वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीची वायर काढावी लागते, हे बरेच जण विसरतात.
फोर्कवाला प्रकार सहा सारख्या सायकली असतील तर झकास. चाक बसवायची पद्धत तुमच्याकडे कुणाची क्विक रिलीज (खटक्याची) असेल, कुणाची थ्रू ॲक्सल (आरपार जाड दांड्याची) असेल, काकांच्या सायकलला तर नट. प्रत्येकाला वेगळा क्लॅम्प कुठून आणणार? वर हायड्रॉलिक डिस्क (तेलाच्या दाबाचा ब्रेक) असली आणि चाक काढल्यावर कुणी ब्रेक दाबला की पॅड चिकटून बसतात, मधे पुठ्ठा घालायचं लक्षात राहत नाही. चाकं लावूनच न्या.

सुतारपक्षी:
लोखंड कशाला भाऊ, वखारीतून पॅकिंगच्या लाकडाचे 2 बाय 4 आणा, चाक बसेल एवढी फट ठेवून स्क्रू मारा, एका दुपारचं काम. मी चार सायकलींचा केलाय. फक्त पावसात भिजलं की फुगतं आणि स्क्रू ढिले होतात, निघायच्या आधी एकदा आवळावे लागतात.

कांदा_अन्_सायकल:
लाकूड आमच्याकडे कांद्याच्या चाळीतच पडलंय, पण आषाढातला पाऊस बघता लोखंडच बरं वाटतंय. चाकासाठी शाळेत असतो तसा स्टँड चालेल ना?

घाटात_दम_लागतो:
नाही, तिथेच तर सगळे फसतात. शाळेचा स्टँड चाकाला खाली, वीतभर उंचीवर धरतो. उभ्या सायकलला ठीक आहे, पण चालत्या गाडीत सायकल झोके खाते आणि तो सगळा जोर रिमवर येतो, चाक आउट, म्हणजे वाकडं. उलट्या यू सारखी दोन फूट उंच कमान करा, चाकाच्या पुढच्या बाजूला येईल अशी, म्हणजे डिस्कलाही लागत नाही. फट अडीच इंच ठेवा, एमटीबीचा टायर बसला पाहिजे, हायब्रिडला जुनी ट्यूब गुंडाळून फट भरा. मागच्या चाकाला नुसते दोन अँगल, नालीसारखे. एक इंची चौकोनी पाइप, 16 गेज जाडीचा, पुरे.
हँडलं एकमेकांत अडकतात म्हणून एक सायकल पुढे तोंड, दुसरी मागे तोंड. तुमच्या रुंदीत सायकलमागे जेमतेम 11 इंच येतात, त्यामुळे एकाआड एक कमान चार-पाच इंच उचला. पाइप कापायच्या आधी सायकली हौद्यात उभ्या करून खडूने खुणा करा, कागदावरच्या मापात पेडल कधीच दिसत नाही.
आणि अख्खा सांगाडा एकसंध नको, तीन-तीनचे दोन भाग करा, दोन माणसांनी उचलून ठेवता येतात. दोन्ही मधे बोल्टने जोडा, चार कोपरे हौद्याच्या दोरीच्या हुकांना रॅचेट बेल्टने (खटक्याने आवळायचा पट्टा) ताणून बांधा.

शिदोरी_ताई:
एक सांगू का, येताना सायकलींबरोबर दमलेली पोरंपण हौद्यात चढतात. मालवाहू गाडीत माणसं बसवायची नसतात, त्यांना एसटीने पाठवा 😄

कांदा_अन्_सायकल:
अपडेट: झाला! पाइप तीन नळ लागले (20 फुटी), मजुरी अन् रेड ऑक्साइड (गंज न धरण्यासाठीचा रंग) धरून साडेतीन हजारात बसलं. खडूच्या खुणांनी वाचवलं, काकांच्या सायकलचं कॅरिअर शेजारच्या हँडलला भिडत होतं म्हणून ती कडेला फाळक्याला लागून घेतली. कमानींना एसीच्या पायपावरचं काळं फोम चढवलंय. काल सिन्नरपर्यंत चांगल्या रस्त्याने नाही, मुद्दाम खड्ड्यातून चालवून आणली, एकच बेल्ट सैल झाला, तो पण मीच नीट ओढला नव्हता. काका विचारतायत त्यांच्या सायकलला फोम दोन पदरी का नाही.