बारावीच्या व्यवसाय शिक्षणातून गुणोत्तर विश्लेषण काढावं का?

खतावणी (धागाकर्ता): नागपुरात बारावीच्या व्यवसाय शिक्षणाच्या पोरांना हिशेब शिकवतो. माझं मत आहे, गुणोत्तर विश्लेषण, म्हणजे ताळेबंदातले आकडे एकमेकांनी भागून धंद्याची स्थिती जोखणं, यांच्या अभ्यासक्रमातून काढून टाका. आज चालतं काय, तर चालू मालमत्ता (वर्षभरात रोख होणारी) भागिले चालू देणी (वर्षभरात फेडायची), उत्तर २ आलं की ‘स्थिती समाधानकारक’ लिहायचं अन् गुण घ्यायचे. उधारीवर गेलेला माल परत आला तर नोंद कुठं करायची, असं विचारलं की अर्धा वर्ग छताकडे पाहतो. आधी खतावणी, वसुली, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. गुणोत्तरं पदवीला शिकतील.

इतवारीचा हिशेबनीस: पदवीला जाणार किती जण, मास्तर? बरेच थेट इतवारी-गांधीबागेच्या बाजारात कामाला लागतात. तिथं शेठ विचारतो, बँक कॅश क्रेडिट (धंद्याच्या खेळत्या भांडवलाचं कर्ज) वाढवून काहून देत नाही? बँकांच्या अशा कर्जाचे निकष सुचवणाऱ्या १९७५ च्या टंडन समितीची दुसरी पद्धत सांगा ना पोरांना. चालू मालमत्तेतला २५ टक्के पैसा मालकाने दीर्घ मुदतीचा घालायचा, उरलेली ७५ टक्के चालू देणी. १०० भागिले ७५, म्हणजे १.३३. हा दंडक आता सक्तीचा नसला तरी कर्ज देताना आकडा विचारला जातोच.

पाटीपेन्सिल: सहमत. फक्त ते २:१ चं भूत आधी उतरवा.

कळमन्याचा अडत्या: भाऊ, १.३३ ठीक, पण कोणत्या दिवशीचं? आमचा संत्र्याचा धंदा. आंबिया बहारात, म्हणजे दिवाळीच्या आसपासच्या पिकात, बागवाल्यांना दिलेले अॅडव्हान्स, गाड्या, उधारी, सगळं फुगलेलं असते. ३१ मार्चला मृग बहार (उन्हाळ्याच्या तोंडचं पीक) आटोपत आलेला असते, ताळेबंद वेगळाच दिसते. त्यात हातचलाखी निराळी. मालमत्ता ६ लाख, देणी ४ लाख, गुणोत्तर दीड. बँकेतल्या २ लाखांनी देणी भागवा, ४ भागिले २, झाले दोन! धंदा तसूभर बदलला नाही.

खतावणी: मग हे माझंच म्हणणं झालं. इतका फसवा आकडा सतरा वर्षांच्या पोराच्या हाती द्यायचा कशाला?

कळमन्याचा अडत्या: कारण ३१ मार्चला देणी भागवायचा तो चेक त्याच्याच हातून फाडला जाईल. काहून फाडला, हे त्याला कळू नये काय?

इतवारीचा हिशेबनीस: मास्तर, एकच गुणोत्तर शिकवा, पण खऱ्या वहीवर. वर्षाची उधार विक्री ३६ लाख, येणं ९ लाख, म्हणजे तीन महिन्यांची विक्री अडकून पडली. उधारीची बोली ३० दिवसांची असेल तर कोणाकडे थकलं, ते पोरांनी खात्यातून नावानिशी काढायचं.

खतावणी: वसुलीपुरतं मान्य. पण कोणता दुकानदार वही वर्गात देईल?

इतवारीचा हिशेबनीस: नावं झाका, सगळे आकडे सातने भागा. वही ओळखू येणार नाही अन् गुणोत्तर तेच राहील. मी विचारतो दोघा-तिघांना.

खतावणी: विचारा. पेपर तपासणाऱ्याला मात्र २:१च लागतं, त्याचं काय करता?