पुण्यात कुंडीत सापकांदा जगेल का?

गच्चीवरची सावली: जूनअखेरीस महाबळेश्वरच्या रानात सापकांदा (अरिसीमा मरेयी) पाहिला. पालापाचोळ्यातून पानाआधीच वर आलेला त्याच्या फुलाचा पांढरा फणा डोळ्यांसमोरून हलत नाही. पुण्यात सावलीच्या गच्चीवर तो वाढेल का? खर्चाची मर्यादा ५०० रुपये आहे.

घाटमाथा: रानातला कांदा कृपया उपटू नये. मी ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरची सापकांद्याची लाल फळे बियांसाठी त्याला विचारून आणली, परंतु हातमोज्यांशिवाय गर धुतल्यामुळे दोन दिवस बोटांची आग होत होती. चौथ्या पावसाळ्यात पहिले फूल आले, तेही नर.

न्यूजर्सीकर: पाचशे रुपयांत काय येणार? माझा शिकोकियानम, म्हणजे जपानी अरिसीमा, चाळीस डॉलरांचा आहे. काळपट फण्यात पांढराशुभ्र गोळा असे त्याचे रूप आहे आणि आमच्या बर्फाखाली तो सुखाने झोपतो. पुण्याच्या हिवाळ्यात मात्र त्याची आशा धरू नका.

कुंडीवाला: मी एका रोपवाटिकेतून नऊशे रुपयांना ‘सापकांदा’ घेतला आणि जूनमध्ये त्यातून शेवळा ही रानभाजी निघाली. तक्रार केल्यावर ‘कूळ तर एकच आहे’ असे उत्तर मिळाले.

वसईची सून: शेवळा निघाला म्हणून रडण्यासारखे काय आहे? काकडं (रानातली आंबट फळं) घालून भाजी केली, तर घशाला खाजही सुटत नाही.

कुंडीवाला: नऊशे रुपयांची भाजी आमच्या घरी होत नाही.

ओलावा: मूळ प्रश्नाकडे येतो. अरिसीमाची मुळे कांद्याच्या माथ्यावरून फुटतात, म्हणून त्यावर चांगली चार बोटे माती हवी. पान पिवळे पडले की पाणी तोडावे आणि कुंडी पहिल्या पावसापर्यंत कोरडी ठेवावी. माझे तीन कांदे उन्हाळ्यात दयेपोटी घातलेल्या पाण्याने कुजले. नर फूल आले म्हणून निराश होऊ नये, कारण कांदा पोसला की तेच झाड पुढे मादी होते.

घाटमाथा: रानातून उपटू नये, हे पुन्हा सांगतो.

गच्चीवरची सावली: सर्वांचे आभार. बरेच दिवस विचार करून शेवटी मी शिकोकियानमच मागवला. किंमत येथे लिहीत नाही. थंडीची सोय म्हणून तो फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवला आहे आणि सासूबाईंनी सुरण समजून चिरू नये, यासाठी डब्यावर लाल शाईने ‘खाज’ असे लिहिले आहे.