अलॉटमेंट मिळालं, पण असोसिएशनच्या कामांत किती भाग घ्यावा लागतो? (यूके)

माती_आणि_मेथी (मिडलंड्स):

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वेटिंग लिस्टवर नाव होतं आणि गेल्या आठवड्यात एकदाचा ईमेल आला, आम्हाला अलॉटमेंटचा (भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारी जमीन) हाफ प्लॉट मिळालाय, 5 रॉड म्हणजे साधारण 125 चौरस मीटर. आम्ही दोघं आणि पाच वर्षांचा मुलगा, राहतो फ्लॅटमध्ये, त्यामुळे आत्तापर्यंत खिडकीतल्या कोथिंबिरीपलीकडे काही लावता आलं नव्हतं. आनंद तर इतका झालाय की रात्री झोपताना पण वाफ्यांचे नकाशे काढतेय.

माझा प्रश्न भाजीपाल्याचा कमी आणि माणसांचा जास्त आहे. सेक्रेटरी बाई प्लॉट दाखवायला आल्या होत्या, त्यांनी सांगितलं की महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सगळे मिळून साइटची कामं करतात, रविवारी सकाळी खत-बियाण्याची शेड उघडी असते तिथे पाळीपाळीने बसायचं असतं, मे महिन्यात रोपांची विक्री, ऑगस्टमध्ये शो म्हणजे भाज्यांची स्पर्धा, मग एजीएम म्हणजे वार्षिक सभा. करारात यातलं काहीच सक्तीचं लिहिलेलं नाही, भाडं वेळेवर भरा, प्लॉट मशागतीखाली ठेवा, पायवाट मोकळी ठेवा, जाळ कधी करायचा कधी नाही, एवढंच आहे. नवऱ्याचं म्हणणं की भाडं भरतोय ना, मग आपण आपल्यापुरतं बघावं. मला ते पटत नाहीये पण शनिवारी मुलाची मराठी शाळा असते, आणि तिथले बहुतेक जण रिटायर्ड आणि एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे, त्यांच्यात जाऊन मी बोलणार काय हेही कळत नाही. शिवाय वर्षातून दोनदा बार्बेक्यू असतो आणि आम्ही शाकाहारी.

ज्यांच्याकडे अलॉटमेंट आहे त्यांनी प्लीज सांगा, तुमच्याकडे काय काय असतं आणि तुम्ही किती जाता?

लीड्सकर_काका:

सर्वात आधी अभिनंदन! मी आमच्या साइटच्या कमिटीवर आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिस्टरांचं म्हणणं कागदावर चूक नाही, पण ते भाडं जातं कुठे आणि साइट चालवतं कोण हे एकदा बघा. काही ठिकाणी काउन्सिल (इथली नगरपालिका) स्वतः प्लॉट देते, आणि कितीतरी ठिकाणी काउन्सिल जमीन असोसिएशनच्या ताब्यात देऊन मोकळी होते. मग भाडं गोळा करणं, वेटिंग लिस्ट सांभाळणं, कुंपण, फाटकाचं कुलूप, पाण्याचं बिल, इन्शुरन्स, सगळं असोसिएशनच्या गळ्यात. पगारी माणूस एकही नसतो. सेक्रेटरी आणि खजिनदार हे तुमच्यासारखेच प्लॉटवाले, संध्याकाळी घरी बसून हे करत असतात.

आता वर्क मॉर्निंगला नक्की काय होतं ते सांगतो. हिवाळ्यात पाइप गोठून फुटू नयेत म्हणून साइटचं पाणी बंद ठेवतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत सुरू करतात. आमच्याकडे त्या दिवशी एक जण फाटकाजवळच्या मेन कॉकपाशी वाकून बसतो, बाकीचे एकेका टाकीपाशी उभे राहतात, तो हळूहळू पाणी सोडतो आणि मग कुठून तरी आरोळी येते की थांब थांब, इथे गळतंय. कुठे टाकीचा फ्लोट अडकलेला असतो, कुठे जॉइंट सुटलेला असतो. सगळ्या टाक्या भरून फ्लोट बंद झाले की मग चहा. हे काम दोघा-तिघांच्याने होत नाही, आणि नाही झालं तर जूनमध्ये तुमच्याच भोपळ्याला पाणी नाही. झाडं तोडणाऱ्या कंपन्या लाकडाचे चिप्स फुकट आणून टाकतात तो डोंगर पायवाटांवर पसरायचा, कुंपणाकडेची ब्रॅम्बलची काटेरी झुडपं छाटायची, सोडून दिलेला प्लॉट पुढच्या माणसासाठी साफ करायचा, अशी बाकीची कामं.

आणि एक मोठं कारण आहे ते कोणी पहिल्या दिवशी सांगत नाही. ही जमीन टिकते ती लोक एकत्र असतात म्हणून. 1908 च्या कायद्याने काउन्सिलवर अलॉटमेंट पुरवायची जबाबदारी आली (इंग्लंड-वेल्सचं बोलतोय, आणि आतल्या लंडनला ती लागू नाही), सहा मतदारांनी मिळून लेखी मागणी केली तर काउन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते. 1925 च्या कायद्याप्रमाणे अलॉटमेंटसाठीच म्हणून घेतलेली जमीन विकायची तर मंत्र्यांची परवानगी लागते. पण हे संरक्षण फक्त अशा, म्हणजे स्टॅच्युटरी साइटला, टेम्पररी साइटला नाही! तेव्हा पहिल्याच एजीएमला उभं राहून विचारा की आपली साइट स्टॅच्युटरी का टेम्पररी. घरं बांधायला जमीन सगळ्यांनाच हवी असते, आणि ज्या साइटवर अर्धे प्लॉट ओसाड पडलेत आणि एजीएमला चार टाळकी जमतात तिथे बाजू मांडणार कोण.

शनिवारी जमत नसेल तर सेक्रेटरीला सरळ सांगा, दुसरं काम मागा. नोटीस बोर्ड लावणं, ईमेल पाठवणं, मुलाला घेऊन रविवारी शेडमध्ये बसणं. कोणी नाही म्हणणार नाही.

दोडका_हॅरो:

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त शोबद्दल लिहिते कारण माझी ओळख सगळ्यांशी झाली ती शोमुळेच.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलेलं की सगळ्यात मोठी भाजी आणली की बक्षीस. तसं नसतं. भोपळा आणि सर्वात लांब रनर बीन यांचे वर्ग वेगळे, बाकी सगळीकडे एकसारखेपणा बघतात. तीन कांदे म्हणजे तिन्ही एकाच मापाचे, माना बारीक दुमडून राफियाने (एक प्रकारचा सुतळीसारखा धागा) बांधलेल्या, खाली वाळूचं कडं किंवा रिंग. टोमॅटो हिरव्या देठासकट. शेंगा काळ्या कापडावर सगळ्या एका दिशेला तोंड करून मांडलेल्या. परीक्षक येतात तेव्हा सगळ्यांना हॉलबाहेर काढतात, पण मी त्या वर्षी टेबलं मांडायला मदतीला होते म्हणून कोपऱ्यात थांबू दिलं. परीक्षक आजोबांनी शेंगांच्या ताटलीतली एक शेंग उचलली आणि कट्कन मोडली, आत दाणे फुगलेत का बघितलं, तो आवाज ऐकून दुसऱ्या ताटलीकडे गेले, तिथली शेंग मोडताना नुसती वाकली, तर ती ताटली बाद. आई मंडईत गवार घेताना हेच करायची!

"इतर कुठलीही भाजी" असा एक वर्ग बहुतेक शोमध्ये असतो, आपल्यासाठी तो उत्तम. मी मेथीची जुडी ठेवली होती, मुळं स्वच्छ धुऊन, ओल्या कापडात गुंडाळून. परीक्षकांनी पान चुरगळून वास घेतला आणि मग बराच वेळ विचारत बसले की हे कसं करता, कधी पेरता. पुढच्या वर्षी आमच्या साइटवर आणखी दोन प्लॉटवर मेथी दिसली आणि शेडमधून बी मागायला लागले.

मेथी इथे छान येते, एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत थोडी थोडी पेरत राहा, तीन-चार आठवड्यांत काढायला येते. धणे रगडून पेरा, कडक उन्हाळ्यात लगेच फुलावर जाते म्हणून थोड्या सावलीत. दोडका, कारलं मात्र पॉलिटनेल (प्लॅस्टिकचं बोगद्यासारखं हरितगृह) असेल तरच, उघड्यावर नाद करू नका.

बार्बेक्यूचं टेन्शन घेऊ नका. मी कांदाभजी नेते, मक्याची कणसं असतात, कोर्जेट (झुकिनी) भाजतात, आणि शोच्या दिवशी चहाच्या टेबलावर नारळाच्या वड्या ठेवते, त्याचे पैसे असोसिएशनलाच जातात, त्यातून गेल्या वर्षी नवीन चाकगाडी आली.

चाकवत_प्रेमी:

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. शेजारच्या प्लॉटवाल्यांशी काय बोलायचं हा प्रश्न तणावरून सुटतो असा माझा अनुभव. इथे फॅट हेन म्हणून एक तण आहे, वसंतात नांगरलेल्या जागेत धबाधब उगवतं, सगळे उपटून कंपोस्टवर फेकतात. ते आपलं चाकवत! कोवळ्या पानांवर पिठासारखी पांढरी भुकटी असते, खालच्या बाजूने जास्त. शेजारच्या आजी बादली भरून फेकत होत्या, मी म्हटलं मला द्या, त्यांना फार नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी डब्यातून ताकातलं चाकवत नेलं, डाळ-दाणे घातलेलं, वरून लसणाची फोडणी. त्या उभ्याउभ्याच खाऊ लागल्या आणि मग म्हणाल्या की त्यांच्या आईने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे पालकासारखं शिजवलेलं त्यांना आठवतंय. त्या वेळी डिग फॉर व्हिक्टरी मोहिमेत बागा, पार्क सगळं खणून भाजी लावली होती, त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी मग तासभर ऐकल्या. आता त्या चाकवत उपटतात आणि माझ्या फाटकाशी ठेवून जातात.

फक्त दोन गोष्टी. तणनाशक मारलेल्या जागेतलं घेऊ नका, आणि ओळख पक्की नसेल तर कोणा जाणत्याला दाखवल्याशिवाय तोंडात घालू नका, त्याच जागेत विषारी रोपं पण उगवतात.

स्टुटगार्टची_सून:

तुमच्याकडे सक्ती नाही हे वाचून हेवा वाटला :) जर्मनीत क्लाइनगार्टन (तिथली अलॉटमेंट) घेतला की फेराइनचं म्हणजे असोसिएशनचं सभासद व्हावंच लागतं आणि सामुदायिक कामाचे तास ठरलेले असतात, नाही केले तर तासाप्रमाणे पैसे भरायचे. नियम पण भरपूर, देशाच्या कायद्यातच आहे की बाग 400 चौरस मीटरपेक्षा मोठी नको, लाकडी घर ओटीसकट 24 चौरस मीटरच्या वर नको आणि तिथे कायमचं राहायचं नाही. साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या हव्यात, नुसती हिरवळ चालत नाही. दुपारी मशीन बंद. मार्च ते सप्टेंबर पक्ष्यांच्या घरट्यांमुळे कुंपणाच्या झुडपांची मोठी छाटणी बंद.

पहिलं वर्ष मला हे सगळं जाचक वाटायचं, पण त्या कामाच्या दिवसांनीच माझं जर्मन सुधारलं हे अगदी मनापासून सांगते. क्लासमध्ये कोणी तुमच्याशी दोन तास फावडं हातात घेऊन बोलत नाही. कधी लाइपझिगला गेलात तर तिथलं क्लाइनगार्टन म्युझियम बघा, 1860 च्या दशकात तिथे मुलांना खेळायला म्हणून मैदान केलं होतं, एका शिक्षकांनी कडेला मुलांसाठी वाफे पाडून दिले, मुलं कंटाळली आणि वाफे आईबापांनी ताब्यात घेतले, त्यातून हे सगळं वाढलं. त्यामुळे मुलाला न्या, त्याला त्याचा एक छोटा वाफा द्या, मुळा पेरू दे, लवकर उगवतो.

रविवार_सकाळ:

दुसरी बाजू पण लिहितो. मी पूर्वी ज्या साइटवर होतो तिथे कमिटीत वर्षानुवर्षं तीच माणसं, होजपाइप वापरायचा की नाही यावरून एजीएममध्ये दोन तास वाद, नवीन माणसाला गवत जरा वाढलं की लगेच नोटीस आणि जुन्यांचे प्लॉट तसेच. हे होतं, आणि त्याचा त्रास होतो. पण त्यावर उपाय घरी बसणं हा नाही. मी आणि आणखी चार-पाच नवीन लोक सलग एजीएमला जात राहिलो, मतदान केलं, प्लॉट तपासणीला कमिटीबाहेरचा एक जण बरोबर असावा असा ठराव लेखी दिला आणि तो पास झाला. मग वातावरण बदललं. तेव्हा बाकी काही जमलं नाही तरी एजीएम चुकवू नका.

आणि पहिल्याच वर्षी सगळा प्लॉट खणायच्या मागे लागू नका, नोटीस मशागत दिसत नाही म्हणून येते. एक तृतीयांश भाग नीट लावा, उरलेल्यावर पुठ्ठे आणि काळं कापड घाला, आणि सेक्रेटरीला तसा प्लॅन सांगून ठेवा.

माती_आणि_मेथी:

सगळ्यांचे किती आभार मानू, नवऱ्याला वाचून दाखवलं. पाण्याची गोष्ट ऐकून तो म्हणाला की पाणी सोडायच्या शनिवारी तो जाईल, मी मुलाला शाळेत सोडेन. मी रविवारच्या शेडसाठी नाव देणारे. आणि हो, चाकवत शोधायला मी आत्ताच उतावीळ झालेय!

एक शेवटचं विचारते. फाटकाबाहेर घोड्याच्या लिदीचं खत फुकट पडलेलं असतं, सगळे नेतात, आणू का? गुड फ्रायडेच्या सुमाराला बटाटे लावायची इथली पद्धत आहे म्हणे, त्याआधी घालायचंय.

लीड्सकर_काका:

आणा पण लगेच घालू नका. काही कुरणांवर जे तणनाशक मारतात ते गवतातून घोड्याच्या पोटात आणि तिथून लिदीत जसंच्या तसं येतं, आणि बटाटे, टोमॅटो, शेंगा यांची पानं वळून फर्नसारखी होतात, माती पुढच्या हंगामापर्यंत खराब राहू शकते. आधी दोन-तीन कुंड्यांत ते खत मिसळून ब्रॉड बीन्स पेरा आणि बाजूला एक कुंडी बिनखताची ठेवा. तीन-चार आठवड्यांत पानं सरळ आली तर वापरा, वळली तर सेक्रेटरीला ताबडतोब कळवा म्हणजे ती बोर्डावर लिहील आणि बाकीच्यांचे प्लॉट वाचतील. यंदाचे बटाटे शेडमधल्या पाकीटबंद खतावर लावा, रविवारी तिथे स्वस्त मिळतं.