पाईप रॅकखालचं हँगिंग स्कॅफोल्ड उतरवायचंय, सुरुवात वरून की खालून?

पहिलाच_शटडाऊन:
नमस्कार मंडळी. रोह्याकडच्या एका केमिकल प्लांटला शटडाऊन (दुरुस्तीसाठी प्लांट बंद) चालू आहे, मी स्कॅफोल्डिंग (पाईपांची परांची) सुपरवायझर, पण खरं सांगायचं तर या पोस्टवर पहिलाच, आधी चार वर्षं क्यूसीत (क्वालिटी तपासणीत) होतो. कॉलमभोवती (प्लांटचं उंच उभं पात्र) स्कॅफोल्डचा ३२ मीटरचा टॉवर बांधलाय आणि ९ मीटरच्या लेव्हलवरून बाजूच्या पाईप रॅकखाली (पाईपलाइनी पेलणारा सांगाडा) दोन लिफ्टचं (मजल्यांचं) हँगिंग, म्हणजे वरून लटकवलेलं स्कॅफोल्ड, काढलंय, कारण खालून रस्ता जातो, हायड्रा (चाकांची क्रेन) ये-जा करते, उभे पाईप टेकवायला जागाच नाही. चढवताना जुने सुपरवायझर होते, ते दुसऱ्या साईटला गेले. आता इन्सुलेशनवाल्यांचं काम संपलं आणि प्लॅनिंगवाले म्हणतात रविवारी संध्याकाळपर्यंत सगळं खाली पाहिजे.

विचारायचंय ते असं की ट्रेनिंगमध्ये एकच घोकून घेतलं, उतरवायचं कायम वरून खाली. मग लटकवलेल्यालाही तेच का? वरचा क्लॅम्प आधी सोडला तर खालचं राहणार कशावर? आणि मुकादम म्हणतात टाय (टॉवरला पक्क्या बांधकामाशी जखडणारे आडवे पाईप) सगळे आधीच काढून टाकू, म्हणजे पोरं सटासट उतरवतील. मला पटत नाहीये, पण ते वीस वर्षं हेच करतायत आणि मी कालचा. काय सांगू त्यांना?

जुना_खलाशी:
तुझी शंका बरोबर आहे. नियम "वरून खाली" असा नाहीच, नियम आहे "चढवलं त्याच्या उलट". जमिनीवरून उभं केलेलं खालून वर गेलं म्हणून ते वरून खाली उतरतं. हँगिंग वरून खाली बांधत गेले, म्हणून त्याची खालची लिफ्ट आधी सुटते. माणसं वरच्या लिफ्टवर उभी राहून खालचं सोडवतात, आणि सेफ्टी बेल्टचा हुक कुठे लावायचा तर रॅकच्या बीमला स्लिंग मारून त्यात, ज्या पाईपवर उभा आहेस त्याच्यात नाही.

सेफ्टी क्लॅम्प बघून घे. वरती हँगर पाईपवर (लटकणारा उभा पाईप), मुख्य क्लॅम्पच्या डोक्यावर एक जादा क्लॅम्प असतो, हँगर घसरलाच तर तो अडकतो. खालच्या टोकाला मात्र लेजरच्या (आडव्या पाईपच्या) क्लॅम्पच्या खाली असतो, कारण तिथे लेजर घसरणार. हे जादा क्लॅम्प अगदी शेवटी सोडायचे. पोरांना वाटतं एक्स्ट्राच आहेत, आणि पहिला पाना तिथेच लागतो.

हँगिंग पूर्ण निघेपर्यंत टॉवरला हात लावू नको. वर टॉवर सोडतायत आणि खाली दुसरी गँग हँगिंगवर, हे तर कधीच नाही.

आता टाय. ज्या लिफ्टला तो धरून आहे ती लिफ्ट सुटताना तो सुटणार, त्याच्या आधी नाही. टायशिवाय टॉवर किती उंच उभा राहील याचा ढोबळ हिशोब बुडाच्या लहान बाजूच्या चौपट, उघड्यावर मी तिप्पटच धरतो. तुझं बूड ४ मीटर असलं तरी १२ ला गोष्ट संपली, वरचे २० मीटर मुकादमांच्या भरवशावर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे चढवलं होतं तेच आज उभं आहे असं समजू नको. मधल्या महिनाभरात पेंटर, फिटर, इन्सुलेशनवाले सगळे त्यावर नांदून गेलेत. मी एकदा २४ मीटरवर ग्रीन टॅग (वापरायला सुरक्षित असल्याची पाटी) बघून चढलो, टायला हात लावला तर हातात आला. इन्सुलेशनची शीट बसेना म्हणून कुणीतरी काढला होता आणि दिसायला जागच्या जागी दिसावा म्हणून बाइंडिंग वायरने गुंडाळून ठेवला होता, तेही व्यवस्थित तीन पीळ मारून! त्या दिवसापासून उतरवायच्या आधी बुडापासून टोकापर्यंत स्वतः फिरतो, गायब ब्रेसिंग (तिरके आधार) आणि टाय आधी परत बसवतो, मग सोडायला घेतो. लोक हसतात, काढायचंच आहे तर लावता कशाला म्हणून. हसू देत.

जुबैलकर_भाऊ:
वरच्या काकांना शंभर टक्के. इकडे सौदीत आम्ही उतरवायला घेताना आधी टॅग लाल करतो आणि खालचा एरिया बंद, मग बाकीचं.

माझं एकच म्हणणं, माल वर साठू देऊ नका. ४ एमएम जाडीचा ६ मीटर पाईप २६ किलोचा. पोरं घाईत २० पाईप एका कोपऱ्यात रचतात, झाले ५२० किलो, आणि एका राइट अँगल क्लॅम्पची सेफ क्षमता साधारण ६ किलोन्यूटन म्हणजे ६०० किलोच्या आसपास. जाळ्या आणि माणसं धरलीच नाहीत अजून. हँगिंगवर तर सगळा लोड क्लॅम्पच्या पकडीवरच असतो. सुटला की लगेच हातोहात किंवा दोरी-चकरीने खाली, फेकायचं नाही.

शिवाय टाय कोणत्या गोष्टीला बांधलाय, ती पक्की आहे का, तेही बघा. अमेरिकेत विलो आयलंडला १९७८ मध्ये कूलिंग टॉवरचं स्कॅफोल्ड कोसळलं, ५१ माणसं गेली. स्कॅफोल्ड अडकवलेलं होतं आदल्या दिवशी ओतलेल्या, अजून कच्च्या काँक्रीटला. आपल्याकडे काँक्रीट नसलं तरी हँडरेल आणि केबल ट्रेसारखे कच्चे आधार असतातच.

परमिट_पेंडिंग:
प्लॅनिंगवाल्यांना मेल टाका की अंधारात आणि वाऱ्यात डिसमँटलिंग होणार नाही, तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेलं सोमवारी कुणालाच आठवत नाही 😄 आणि १९९८ च्या बीओसीडब्ल्यू (बांधकाम कामगारांसाठीच्या) नियमांतसुद्धा आहे, बांधणं, बदलणं, उतरवणं, सगळं जबाबदार माणसाच्या देखरेखीखाली. तो माणूस तुम्ही आहात साहेब, मुकादम नाही.

पहिलाच_शटडाऊन:
सगळ्यांचे आभार. आज सकाळी मुकादमांनाच बरोबर घेऊन फिरलो, वाद घातलाच नाही. दोन ब्रेसिंग गायब, आणि १८ मीटरचा एक टाय कॉलमच्या प्लॅटफॉर्मच्या हँडरेलला मारलेला, धरून हलवला तर हँडरेलच हलतेय. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतःच पोराला हाक मारली, चार क्लॅम्प आण रे वर.

हँगिंग सोमवारी सकाळी ७ ला घेतोय, खालची लिफ्ट आधी, दुपारी वारा सुटायच्या आत. रस्ता १ वाजेपर्यंत बंद. मेल गेलाय, उत्तर नाही आलं. हायड्रावाला तेवढा भडकलाय, त्याला लांबून वळसा पडतो.