स्ट्रेनला ‘विकृती’ म्हणायचं का?

खाडीकाठ: ठाण्यातल्या एका प्रदर्शनासाठी फलक मराठीत करतोय. विषय: पेशींना ओढ आणि दाब कसे कळतात. स्ट्रेन, म्हणजे जोर लावल्यावर मूळ मापाच्या मानाने झालेला बदल, याला कोशात ‘विकृती’ आहे. त्याप्रमाणे वाक्य झालं, ‘पेशींना 10 टक्के विकृती दिली.’ मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, ‘कसला रोग दिला?’

वागळेवाला: शब्द बरोबर आहे. स्ट्रेस म्हणजे प्रतिबल, स्ट्रेन म्हणजे विकृती. वि + कृ, मूळ रूपात झालेला बदल. सांख्य तत्त्वज्ञांच्या प्रकृती-विकृतीत कुठे रोग आहे?

घणसोली: सांख्य फलक वाचायला येणार नाहीत हो. विकृतिविज्ञान म्हणजे पॅथॉलॉजी, आणि इथे विषयच पेशींचा. सळईला विकृती चालते, पेशीला नाही. सरळ ‘ताण’ लिहा.

वागळेवाला: कुठला ताण? स्ट्रेसलाही ताण, टेन्शनलाही ताण, दहावीच्या परीक्षेलाही ताणच. स्ट्रेस, म्हणजे दर क्षेत्रफळामागचा जोर, पास्कलमध्ये मोजतात. त्यामुळे झालेला बदल हे नुसतं गुणोत्तर, त्याला एकक नाही. दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?

घणसोली: मग प्रयोगच बघा. सिलिकॉनचा पातळ पडदा, त्यावर फायब्रोनेक्टिन या पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा लेप, वर पेशी. त्या नीट चिकटल्या की पडदा दोन चिमट्यांत धरून 20 मिमीचा 22 करायचा आणि सोडायचा, सेकंदाला एकदा. काही तासांत फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या पेशी) ओढीला आडव्या वळतात. पण मोटर 2 मिमी सरकली म्हणजे पडदा 10 टक्के ताणला, असं नसतं. तो चिमट्यात घसरतो. म्हणून पडद्यावर शाईचे दोन ठिपके देऊन त्यांच्यातलं अंतर सूक्ष्मदर्शकातून मोजतात. शिवाय पडद्याचं ताणणं पेशीपर्यंत जसंच्या तसं पोचेल याचीही खात्री नाही. तेव्हा ‘पेशींना 10 टक्के’ हेच आधी चूक. ‘पडदा 10 टक्के ताणला’ लिहा, नामाची गरजच उरत नाही.

अनुस्वार: कारखान्यात ‘खेच’ म्हणतात. छोटा, मराठी.

वागळेवाला: आणि दाबल्यावर? उणे खेच? कर्तनात (शिअर, थर एकमेकांवरून सरकतात तेव्हा) तर लांबी नाही, कोन बदलतो.

अनुस्वार: ‘विरूपण’?

वागळेवाला: ते डिफॉर्मेशन, आकारातला बदल. ते मायक्रॉनमध्येही सांगता येतं, गुणोत्तरच असं नाही.

खाडीकाठ: पुढच्या फलकावर स्टिफनेस आहे. मूलपेशी (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनतात) मेंदूइतक्या मऊ जेलवर चेतापेशींकडे झुकतात, 8 ते 17 किलोपास्कलला स्नायूंकडे, 25 ते 40 ला हाडाकडे. ‘कठीणपणा’ लिहिलंय.

घणसोली: ‘ताठरता’ करा. कठीणपणा ओरखड्याला दाद न देण्याचा, ताठरता वाकायला नकार देण्याची. आणि जेल पुरेशी जाड होती हेही लिहा. थर जेमतेम चार-पाच मायक्रॉनचा राहिला तर पेशीला खालची काच जाणवते, मग आकडे फुकट.

अनुस्वार: यात पिएझो मार्गिका येणारच. पेशीच्या पटलातली, ओढ-दाबाने उघडणारी, 2010 साली सापडलेली ती प्रथिनं, ज्यांच्यासाठी शास्त्रज्ञ आर्डेम पॅटापुटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. ग्रीक ‘पिएझो’ म्हणजे दाबणे, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत ‘पीड्’शी लावतात. घरचाच शब्द! ‘पीडमार्गिका’ म्हणा.

घणसोली: विकृती नको म्हणून भांडतोय, तर तुम्ही पीडा आणलीत. त्या मार्गिकांतली पिएझो 2 मुख्यतः हलक्या स्पर्शाची, शिवाय हातपाय कुठे आहेत हे डोळे मिटूनही कळण्याची.

अनुस्वार: ‘निष्पीडन’ म्हणजे पिळणं. त्यात कुणाला दुखतं?

वागळेवाला: लिंबाला विचारा.