मंदीत स्टँडबाय वाढले, तास घटले: नियम नेमके काय सांगतात आणि नोकरी कितपत सुरक्षित?

सोनेगाव_एफओ
नमस्कार मंडळी. ए-३२० विमानावर एफओ (सहवैमानिक), बेस म्हणजे ड्युटी सुरू होते ते ठिकाण मुंबई, घर नागपूर. रोस्टरवर (ड्युटीच्या वेळापत्रकात) उड्डाणं कमी आणि होम स्टँडबाय (घरी राहून बोलावण्याची वाट पाहणं) जास्त दिसायला लागलेत. हमीचे तास (न उडताही ज्यांचे पैसे मिळतात ते) कमी करण्याचं पत्र येणार अशीही चर्चा आहे. बेसवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, विश्रांतीच्या नियमांत थोडं नमतं घेऊ पण नोकऱ्या वाचवू. दुसरा म्हणतो, नियमाला हात लावू द्यायचा नाही. माझे प्रश्न तीन. स्टँडबायचा वेळ ड्युटीत कसा धरतात? कपात झालीच तर कायद्याने कोणाला आधी काढता येतं? आणि स्टँडबायला नागपुरात राहिलं तर चालतं का?

रनवे_१४_३२
पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण निम्मे वाद इथल्या गोंधळातून होतात. स्टँडबाय आणि रिझर्व्ह एक नाही. स्टँडबायमध्ये फोन आला की ठरलेल्या वेळात रिपोर्ट व्हायचं, बहुतेक ठिकाणी दीड-दोन तासांत. रिझर्व्हमध्ये आधी पुरेशी सूचना मिळते. युरोपच्या नियमात ती किमान १० तासांची, शिवाय दिवसात ८ तासांची झोपेची खिडकी राखीव. अमेरिकेत लाँग कॉल म्हणजे असाच रिझर्व्ह; ड्युटी आधी सुरू होऊन पहाटेच्या झोपेच्या वेळेत जाणार असेल तर तिथे १२ तासांची सूचना.

स्टँडबाय कुठे काढता यावरही हिशोब बदलतो. विमानतळावर बसवलं तर तो वेळ पूर्ण ड्युटी. घरी असाल तर युरोपात एक चतुर्थांश वेळच ड्युटीच्या बेरजेत धरतात, पण पहिल्या ६ तासांनंतरचा प्रत्येक तास पुढच्या एफडीपीच्या (रिपोर्ट केल्यापासून शेवटचं उड्डाण संपेपर्यंतच्या ड्युटीच्या) मर्यादेतून वजा होतो. सकाळी ८ ला स्टँडबाय सुरू झालं आणि दुपारी ४ ला रिपोर्ट केलं, तर मर्यादेतले २ तास गेले. अमेरिकेत शॉर्ट कॉलची (तिथल्या स्टँडबायची) उपलब्धता जास्तीत जास्त १४ तास. ती सुरू झाल्यापासून साध्या दोन जणांच्या क्रूला १६ तासांच्या पुढे कामावर ठेवता येत नाही.

आपल्याकडचे आकडे तुमच्या ओएम-ए च्या (कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलच्या भाग ए च्या) सातव्या प्रकरणात असतात, कारण प्रत्येक कंपनीची योजना डीजीसीएकडून (विमान वाहतूक नियामकाकडून) मंजूर होते. ग्रुपवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका. शेड्युलिंगशी (रोस्टर लावणाऱ्या विभागाशी) बोलताना परिच्छेद क्रमांक सांगून बोला, संभाषण दोन मिनिटांत संपतं.

पाया मात्र आपल्याकडच्या सगळ्या कंपन्यांना सारखा: आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती, त्यात दोन स्थानिक रात्री, आणि एक विश्रांती संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत १६८ तासांहून जास्त अंतर नाही. स्टँडबायच्या रोस्टरमध्ये नेमकी हीच १६८ तासांची साखळी तुटते. दिवस मोकळा गेला की तो विश्रांतीचा वाटतो, पण त्या दिवशी नाव स्टँडबायवर असेल तर ती साप्ताहिक विश्रांती नव्हे.

कॅप्टन_धंतोली
नमतं घेण्याची बाजू कोणी नीट मांडत नाही म्हणून मांडतो. विमानांचं भाडं डॉलरमध्ये, इंधन आपल्या हातात नाही, पार्किंगही चालूच. प्रवासी घटले की लगेच हात घालता येईल असा खर्च म्हणजे पगार. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट १७ एप्रिल २०१९ ला आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली, तेव्हा सिनिऑरिटी लिस्ट कोणाच्याच कामी आली नाही.

म्हणून पैशाच्या बाबतीत मी बोलणीला तयार आहे, पण तीन अटींवर: कपात लेखी, संपण्याची तारीख लिहिलेली, आणि सगळ्या ग्रेडना लागू. हमीचे तास ७० वरून ४० वर आणले तर काय होतं ते मांडून बघा. समजा ताशी दर ३,००० रुपये आणि उड्डाण झालं ३८ तास. ७० च्या हमीत २,१०,००० मिळतात, ४० च्या हमीत १,२०,०००. फरक ९०,००० चा, आणि मूळ पगाराला कोणी हातही लावलेला नाही! "पगार कपात नाही" असं पत्र आलं तरी हमीच्या तासांचा परिच्छेद आधी वाचा.

विश्रांतीचे तास हा मात्र सौद्याचा विषय नाही. तिथे मी दुसऱ्या तटात आहे.

रनवे_१४_३२
कॅप्टन साहेबांना जोडून. विश्रांतीचा नियम हा नोकरीचाच नियम आहे. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्र पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत धरली, आणि रात्रीची लँडिंग ६ वरून २ वर आली. तेवढंच वेळापत्रक उडवायला आता जास्त वैमानिक लागतात. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली, त्यामागे हेच गणित चुकलेलं होतं, आणि ए-३२० ताफ्याला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट द्यावी लागली. आपणच नियम सैल करून मागितला, तर यादीत खाली असलेल्या पोरांची गरज आपणच संपवतो.

एक बारीक गोष्ट. रजा साप्ताहिक विश्रांतीच्या बदल्यात धरू नये ही सूचना डीजीसीएने ५ डिसेंबर २०२५ ला मागे घेतली. मंदीत सक्तीची रजा देतात तेव्हा ती विश्रांतीच्या ४८ तासांवर बसवली आहे का, हे रोस्टरवर तपासा. तसं असेल तर रजाही गेली आणि विश्रांतीही.

सिव्हिल_लाईन्स_वकील
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ३०० कामगारांपुढे कपातीला सरकारची परवानगी लागते ही गोष्ट ग्रुपवर फिरते, ती विमान कंपनीला लागू होत नाही. ते प्रकरण कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरतं आहे. ले-ऑफची ५० टक्के भरपाईसुद्धा तशीच. तुम्हाला लागू होते ती साधी छाटणी: किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि त्याच प्रवर्गात शेवटी आलेला आधी जाणार. भांडण 'प्रवर्ग' या शब्दावर होतं. कंपनी म्हणेल एटीआर विमानाचे वैमानिक वेगळा प्रवर्ग, ए-३२० चे वेगळा. सिनिऑरिटी लिस्ट एकच असेल तर ती आजच जपून ठेवा.

हे सगळं तुम्ही 'कामगार' ठरलात तरच. दिल्ली उच्च न्यायालयाने वैमानिकाला कामगार मानलेलं आहे, तरी कंपनी कॅप्टनला पर्यवेक्षक ठरवायचा प्रयत्न करतेच. हमीचे तास बदलणं हा सेवाशर्तीतला बदल आहे, आणि कामगाराच्या बाबतीत त्याला २१ दिवसांची नोटीस लागते. "मान्य" असं बटण दाबून घेणारा ईमेल आला तर लगेच दाबू नका. "हक्क राखून स्वीकारतो" असं लेखी उत्तर द्या.

आणि डीजीसीएचा २०१७ चा नोटीस नियम, कमांडरला १२ महिने आणि एफओला ६, हा सोडून जाणाऱ्या वैमानिकासाठी आहे. तो तुमची नोकरी वाचवत नाही. उलट मंदीत दुसरीकडे जागा निघाली तर एनओसीसाठी तोच आडवा येतो.

सोनेगाव_एफओ
मनापासून धन्यवाद सर. नागपूरच्या प्रश्नाचं तेवढं राहिलं.

मनीषनगर_कम्यूटर
भाऊ, होम स्टँडबायला नागपूर जमत नाही. 'होम' म्हणजे बेसपासून रिपोर्टिंगच्या वेळेत पोचता येईल ती जागा. विमानाने हवेतच सव्वा-दीड तास जातो, वर सुरक्षा तपासणी, आणि स्टाफ तिकिटावर सीट मिळेल याची खात्री नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, गाडीने आठ तास. एक नो-शो (बोलावूनही न पोचणं) नोंदला गेला की छाटणीच्या यादीत तेच कारण पुढे येतं.

दहा तासांच्या सूचनेचा रिझर्व्ह असेल तर विचार करता येतो. तेव्हाही बेसला पोचायला दोन वेगवेगळ्या विमानांचे पर्याय हाताशी हवेत, आणि रात्रीचं शेवटचं विमान पर्याय म्हणून धरायचं नाही. कंपनीने पोझिशनिंगवर (ड्युटीसाठी प्रवासी म्हणून) आणलं तर तो वेळ ड्युटीत येतो, पुढे लगेच उडायचं असेल तर एफडीपीतही. स्वतः येता तेव्हा शून्य धरला जातो. पहाटे ३ ला उठून मुंबई गाठली आणि दुपारी स्टँडबायवरून बोलावलं, तर कागदावर तुम्ही ताजे आणि प्रत्यक्षात दहा तास जागे. अशा वेळी फटीग रिपोर्ट (थकव्याची लेखी नोंद) लिहायचा, संकोच करायचा नाही.

शक्य असेल तर स्टँडबाय सलग लावून घ्या, म्हणजे मुंबईत एकदाच राहावं लागतं. दोघा-तिघांत भाड्याची खोली परवडते.

कॅप्टन_धंतोली
कमी उडणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं: ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि लँडिंग. सतत स्टँडबायवर असलेल्या एफओची ही रिसेन्सी (अलीकडच्या सरावाची अट) आधी जाते, मग सिम्युलेटरचा स्लॉट मिळेपर्यंत तो रोस्टरबाहेर, आणि त्याचे तास आणखी घटतात. ६० वा दिवस उलटला की शेड्युलिंगला मेल टाका, फोनवर भागवू नका. ज्या सेक्टरला (उड्डाणाच्या टप्प्याला) लँडिंग हवं ते कॅप्टनला ब्रीफिंगमध्येच सांगा.

सिव्हिल_लाईन्स_वकील
कागदांचं काम याच आठवड्यात करा. ई-जीसीए (डीजीसीएच्या पोर्टल) वरचं लॉगबुक आणि कंपनीने प्रमाणित केलेले तास यांचा मेळ घाला. कंपनी बंद पडल्यावर सही करणारा माणूस सापडत नाही आणि एटीपीएल (कॅप्टन होण्यासाठी लागणारा परवाना) अडकतं. पीपीसी (वैमानिकाची कौशल्य चाचणी), आयआर (उपकरणांच्या आधारे उडण्याची चाचणी), लाइन चेक (प्रत्यक्ष उड्डाणातली तपासणी) यांच्या प्रती, करारपत्र, प्रत्येक पगारपत्रक आणि बदल झाल्याची वेळ दिसेल असे रोस्टरचे स्क्रीनशॉट स्वतःच्या ईमेलवर ठेवा. कंपनीचा मेलबॉक्स शेवटच्या दिवशी बंद होतो.

पीएफचं पासबुक उघडून दर महिन्याचा भरणा खरंच झालाय का पाहा. पगार उशिरा व्हायच्या आधी बऱ्याचदा तिथे खंड दिसतो. दिवाळखोरीत पीएफ आणि ग्रॅच्युइटी लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरत नाहीत. पगाराची थकबाकी मात्र रांगेत लागते: कामगार असाल तर २४ महिन्यांपर्यंतची सुरक्षित कर्जदारांच्या बरोबरीने, नसाल तर १२ महिन्यांची, त्यांच्या खाली. दावा फॉर्म डी वर, मुदतीच्या आत. लॉस ऑफ लायसन्सचा (प्रकृतीमुळे परवाना गेला तर पैसे देणारा) विमा गट पॉलिसीत असेल तर नोकरीबरोबर तोही जातो, म्हणून मेडिकल (वैद्यकीय प्रमाणपत्र) चालू असतानाच वैयक्तिक पॉलिसीची चौकशी करून ठेवा.